तेराशे बारावी ओळ

"पडदा उजळना का नजर खाले, जयू. आपले फोननं दुखणं देखानं, मानुसनं घर नही."

गेलेल्या रघुनाथमामांचा आवाज जयश्रीला आज तिसऱ्या दिवशीही देव्हाऱ्यासमोर ऐकू आला, आणि हातातली काडी तिने तशीच विझू दिली. दुसरी ओढली. समई लागली. खानदेशी कुलदेवी कानबाईच्या नारळाला हळदकुंकू वाहून झालं, हात जोडून झाले. मग बोलायची वेळ आली आणि ती नुसतीच समईची वात सारखी करत राहिली.

तिचा नेम अकरा वर्षांचा होता. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात, कानबाईच्या रोटांच्या दिवशी घेतलेला. रोज सकाळी दिवा लावला की आदल्या दिवसाची एक चूक देवीपुढे बोलायची, आणि ती बोलल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. बोलायची तीही मोठ्याने, कारण मनातल्या मनात माणूस स्वतःला फार पटकन माफ करून टाकतं. काल दूध उतू घालवलं. काल गिऱ्हाइकाला तिटकाऱ्याने बोलले. काल आरतीत लक्ष नव्हतं. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या दोन खोल्यांत हे रोज ऐकू येई, आणि नवरा किसन ते रेडिओवरच्या बातम्यांसारखं अर्ध्या कानाने ऐके.

सोमवारी ती देवीला म्हणाली होती, "काल धुणं वाळत घालायचं विसरले." मंगळवारी म्हणाली, "काल भाजीत मीठ दोनदा पडलं." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. देवीलाही असं फसवता येतं आणि आपल्याला ते इतक्या सहज जमतं, हे तिला चाळिसाव्या वर्षी कळत होतं.

रविवारची चूक मात्र पोटात तशीच होती.

*

पर्वत पाटिया भागात, साडीच्या गाठोड्यांनी कायम अडलेल्या एका गल्लीत मामांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक भिंग, एक दिवा आणि समोर दोन स्टुलं. जयश्री बारावी करून तिथे बसायला लागली. आधी पावत्या लिहायची, मग स्क्रू सोडवायला लागली, मग सोल्डरचे डाग द्यायला. मामांनी तिला बाकी सगळं हाताला धरून शिकवलं, पण नजर खाली घालायचं रोज सांगून शिकवलं. दुरुस्त झालेला फोन चालू झाला की त्यावर फोटो येतो, निरोप येतो, कुणाचं तरी नाव येतं. "त्यानी आपलावर विश्वास ठेयेल शे," मामा म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी मामा गेले. दुकान तिच्याकडे आलं, भिंग आलं आणि ते वाक्यही आलं.

याच स्वभावामुळे तिला लॅचची गोडी लागली असावी. लॅच ही फोनवर चढवायची एक प्रणाली. फोन बनवणाऱ्या कंपनीने घातलेली प्रणाली काढून टाकायची आणि लॅच घालायची. मग फोनचा मालक कुठे गेला, काय बोलला, काय शोधलं, याचा माग कुणाला काढता येत नाही. जगभरातली हौशी माणसं पदरमोड करून ती बनवत होती. ती कुणाला कधी भेटत नसत. एका मंचावर लिहून बोलत, आणि तिथे कुणी खरं नाव सांगत नसे. जयश्रीने तिथे 'सुई' असं नाव घेतलं होतं. दुपारी गल्ली पेंगत असताना ती लॅचच्या पडद्यावरच्या पाट्या मराठीत करून द्यायची. आपलं मराठी अनोळखी बायांच्या फोनवर उमटतं, याचा तिला आनंद होता. तेही व्रतासारखंच चाललं होतं.

दोन महिन्यांपूर्वी मंदा दुकानात आली. परभणीकडची, अंगाने किरकोळ, डाव्या मनगटावर जुना भाजल्याचा डाग. फोन टेबलावर ठेवून हात असा मागे घेतला, जणू विंचू ठेवला आहे.

"ताई, ह्या फोनात माझा नवरा बसलाय का बघा."

"म्हणजे गं?"

"मी भाजी आणाया गेले, तर घरी आल्यावर म्हनं, रस्त्यात कुनाशी बोलत हुतीस. मंदिरात गेले, तर पायरीवरच फोन, लई वेळ बसलीस म्हनून. आता देवाला काय मागितलं, तेवढं इचारायचं ऱ्हायलंय बघा."

जयश्रीला हसू आलं आणि लगेच विरलं. तिने फोन पाहिला. नवऱ्याने आत एक लपून माग काढणारं ॲप घातलेलं होतं. तो पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये होता, आणि सुटी झाली की तिथल्या, जयश्रीच्या ओळखीच्या विकासच्या मोबाइलच्या टपरीवर बसून असे. हे शहाणपण बहुधा तिथेच त्याच्या कानावर पडलं होतं. मंदा आठ दिवसांपूर्वी फोन बंद करून, अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला आली होती. तिथे मालतीबाईंची खानावळ होती. मंदा तिथेच पोळ्या लाटायची आणि तिथेच, मागच्या खोलीत, राहायची.

"आतलं सगळं पुसून टाकते," जयश्री म्हणाली. "आणि हे दुसरं घालते. मग तू कुठे आहेस ते तुझ्या तोंडातून निघेल तेवढंच."

"ह्याचं काय दुकान हाय का कुणाचं?"

"नाही गं. जगभरची माणसं मिळून करतात. फुकट."

"फुकट?" मंदाने भुवया वर केल्या. "मग लई भांडत आसतील."

दोघीही हसल्या. फोन तयार झाला तेव्हा मंदाने तो पदरात धरला, उठली, आणि परत बसली.

"ताई, येक मागू? मला समद्यांनी लपवूनच मारलंय. त्याचं पिणं लग्नाच्या आदी ठाऊक हुतं घरच्यांना, पर मला न्हाई सांगितलं. ह्या फोनाचं कदी काय बी झालं, तर आदी मला सांगायचं. दुसऱ्या कुणाला न्हाई. मला."

"आधी तुला सांगेन," जयश्री म्हणाली. देवीची शपथ ती घेत नसे; तिचा शब्दच पुरे, असं तिला वाटायचं.

*

गेल्या आठवड्यात लॅचची नवी आवृत्ती आली आणि मंदाच्या फोनचं वायफाय घडीघडी तुटायला लागलं. खानावळीच्या डब्यांची मागणी त्याच फोनवर यायची, म्हणून तिने तो शनिवारी जयश्रीकडे आणून दिला. जयश्रीने मंचावर अदबीने लिहिलं, की या मॉडेलवर असं होतंय, बघाल का.

त्या मॉडेलचं काम हेरॉन नावाचा माणूस बघायचा. हात सोन्याचा आणि तोंड विषारी, अशी त्याची ख्याती होती. त्याने एकाच ओळीत उत्तर दिलं: फोन ठीक आहे, धरणारा हात तपासा.

त्याखाली त्याचे भक्त जमले. सुई बोथट झाली, असं एकाने लिहिलं. ही त्या दुसऱ्या प्रणालीवाल्यांची पाठवलेली असणार, आपल्यात फूट पाडायला, असं दुसऱ्याने. लॅचसारख्याच एका दुसऱ्या प्रणालीचा तंबू होता, आणि दोन्ही तंबूंचं वैर शेजारणींच्या वैरासारखं होतं, त्याचं मूळ कुणालाच आठवत नव्हतं. रविवारी दुपारी मग तिसऱ्याने एक फोटो टाकला. कुठल्यातरी आपल्याकडच्याच बाजारातली टपरी, वायरींचा गुंता, स्टुलावर बनियनमधला म्हातारा कारागीर, डोळ्याला भिंग. खाली लिहिलं होतं, 'ही पाहा सुईची प्रयोगशाळा.' त्याखाली चाळीस हसरी तोंडं.

तो म्हातारा मामा नव्हते. पण भिंग तसंच होतं.

जयश्रीने मंदाचा फोन संगणकाला जोडला. फोन दिवसभर आतल्या आत काय काय करतो हे तो ओळीमागे ओळ टिपून ठेवत असतो, त्याला लॉग म्हणतात. वायफाय का तुटतं ते त्या लॉगमध्ये लख्ख दिसत होतं, चूक हेरॉनचीच होती. दोन हजारांवर ओळी. असा लॉग मंचावर टाकायच्या आधी तो निवडायचा असतो, तांदूळ निवडतात तसा. कुणाचं नाव, नंबर, जागा दिसली की काढायची. जयश्री हे इतक्या निगुतीने करायची, की मंचावर नव्या लोकांना 'सुईसारखा लॉग निवडा' असं सांगत असत.

त्या दुपारी तिने निवडला नाही. अर्धा तास लागला असता. अर्ध्या तासात आणखी चाळीस तोंडं हसली असती. तिने लॉग जसाच्या तसा टाकला आणि खाली लिहिलं, 'आता बोला.'

आणि लोक बोलले. तासाभरात वारं फिरलं. जे हसत होते तेच हेरॉनला खोटारडा म्हणू लागले. दुसरा तंबू तर वाटच बघत होता. कुणीतरी हेरॉनचं खरं नाव शोधून काढलं, कुणी त्याच्या नोकरीचं ठिकाण, कुणी त्याचा फोटो टाकला. माणसाची खासगी बाब झाकायला जमलेली ही सगळी माणसं एका माणसाचं धोतर सोडत होती. फोटोत एक टक्कल पडलेला, खांदे पाडलेला माणूस होता. जयश्री त्या फोटोकडे बघत राहिली आणि तिला गोड वाटलं. हे तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. लॉग टाकला ती चूक होती, पण हे गोड वाटलं होतं.

संध्याकाळी हेरॉनचा तिला एकटीला निरोप आला.

'तुझं बरोबर होतं. चूक माझी, दुरुस्त करतो आहे. पण तू काय टाकलंस ते बघ. ओळ तेराशे बारा. मंचावरून मी ते काढलं आहे, पण तुझ्या बाजूच्यांनी प्रती करून ठेवल्या आहेत. ज्या बाईचा फोन आहे, तिला सांग.'

तिने लॉग उघडला. तेराशे बाराव्या ओळीवर खानावळीच्या वायफायचं नाव होतं. मालतीबाईंच्या पुतण्याने हौसेने ठेवलेलं, मोठ्या अक्षरांत: मालतीबाई टिफिन कोसाड. आणि दोनच ओळी खाली फोनच्या मालकिणीचं नाव आणि नवा नंबर.

पडदा उजळला होता. जयश्रीला नजर खाली घालता येईना.

तिने प्रती ठेवणाऱ्यांना एकेकाला लिहिलं, हात जोडून लिहिलं. एकाने उत्तर दिलं, हा पुरावा आहे, काढणार नाही. दुसऱ्याने विचारलं, हेरॉनने किती धमकावलं तुला? तिसरा म्हणाला, म्हणजे सुईही त्यांचीच निघाली. दुपारी तिच्या बाजूने लढलेली माणसं दिवेलागणीला तिला शिव्या देत होती, त्याच हिरिरीने.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं आणि फोन वाजला. पलसाण्याचा विकास. तोही तो मंच वाचायचा, आणि सुई कोण हे एकट्या त्याला ठाऊक होतं.

"जयश्रीबेन! तमे तो कमाल करी नाखी! सुरतच्या बाईने गोऱ्या साहेबाची जिरवली, हैं? आपल्या रिपेअरवाल्यांच्या ग्रुपवर मी ती फाइल पण टाकली. सगळे खूश!"

"विकासभाई, ती फाइल काढून टाका ना ग्रुपवरून."

"केम? त्यात शुं छे? दोन हजार लाइनी कोण वाचतंय, बेन!"

का काढायचं हे सांगितलं असतं, तर त्याने ती ओळ शोधून वाचली असती. आणि त्याच्या टपरीच्या बाकड्यावर कोण बसून असतं, हे तिला ठाऊक होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "उगाच. आपलं, मोठेपणा दिसतो."

"एवढी साधी ऱ्हाऊ नका तुम्ही!" विकास हसला, आणि फाइल तिथेच राहिली.

त्याच दिवशी दुपारी मंदा फोन न्यायला आली. हातात स्टीलचा डबा. आत धपाटे आणि ठेचा.

"गरम हाय, ताई. लगीच खावा." तिने फोन लावून पाहिला. "आता तुटत न्हाई! काय केलंत?"

"दुरुस्ती आली वरून," जयश्री म्हणाली.

"खरं सांगू? दोन म्हैन्यांत पैल्यांदा मला झोप लागाया लागली. मालतीमावशी म्हनतेत, मंदे, घोरतीस गं तू." ती स्वतःच्याच बोलण्यावर लाजून हसली. "माझा डबा राहू द्या. सवडीनं द्या."

जयश्रीने डबा घेतला. आज सांगू नये, आधी त्या प्रती निघू देत, मग झालं आणि मिटलंही असं एकदमच सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. मंदा गल्लीच्या टोकाला गाठोड्यांच्या मागे दिसेनाशी झाली. जयश्रीने धपाटे खाल्ले. चार होते, चारही खाल्ले. टाकून कसे द्यायचे.

*

"आज देवी तुले उपाशीच ठेवस का काय?"

बुधवारची ती सकाळ; किसन रातपाळी करून आला होता. तोही पलसाण्यालाच दुसऱ्या एका मिलमध्ये रंगखात्यात होता; कितीही साबण लावला तरी तळहाताच्या रेषांत निळा रंग राहायचाच. त्याने स्वतःच चहा केला होता आणि दोन कप जमिनीवर ठेवले होते.

"चाय थंडी व्हई ऱ्हायनी. काय चूक सापडत नही का? मी सांगू एखादी? मनाकडे ढीगभर शेत तुन्या."

ती हसली नाही. किसनने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"काय व्हयनं व?"

मग तिने सांगितलं. देव्हाऱ्याकडे तोंड करूनच सांगितलं, म्हणजे किसनकडे बघावं लागणार नाही. लॉग, फोटोतलं भिंग, तेराशे बारावी ओळ, विकास, धपाटे. हेरॉनचं हसं झालं तेव्हा गोड वाटलं, तेसुद्धा. सांगून झालं तेव्हा तिला वाटलं, आता हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

किसनने तळहाताच्या रेषा अंगठ्याने घासल्या.

"हाई तू माले सांगी ऱ्हायनी," तो म्हणाला.

"मंग?"

"मना पत्ता थोडाच फुटेल शे? देवीना बी नही."

समईची वात जराशी फडफडली आणि सरळ झाली. जयश्री उठली नाही. "ती मना तोंडवर थुंकी," ती हळू आवाजात म्हणाली.

"थुंकू दे." किसनने उपरण्याने तोंड पुसलं. "आन तिले जागा पाह्यजे व्हई तं आठे लई ये. मी गच्चीवर निजस. दिनभर तं निजाणंच शे माले."

तिने फोन उचलला. दुसऱ्याच घंटीला मंदाचा आवाज आला, मागे पोळपाटाचा खडखडाट.

"ताई! एवढ्या सकाळी?"

"मंदा, आज खानावळीतून बाहेर पडू नकोस. मी येते आहे."

"डब्यासाठी व्हय? कशाला येवढ्या लांब..."

"डब्यासाठी नाही. तुला आधी सांगायचं होतं ते तीन दिवस सांगितलं नाही. येऊन सगळं सांगते. मालतीबाईंनाही जवळ बसव."

पलीकडचा खडखडाट थांबला. मंदा काही विचारेल म्हणून जयश्री थांबली. मंदा "या," एवढंच म्हणाली, आणि तो आवाज दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा दुकानात आलेल्या बाईचा होता.

घासून ठेवलेला डबा ओट्यावर पालथा होता. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे जयश्रीच्या हातांना सवयीने ठाऊक होतं. तिने डबा सरळ केला, मूठभर साखर घातली, झाकण लावलं. मग तशीच उभी राहिली. झाकण काढलं, साखर परत बरणीत ओतली, डबा फडक्याने आतून पुसला.

किसनने सगळं पाहिलं. तिच्या चहाच्या कपावर त्याने बशी झाकून ठेवली.

कोसाडची बस आठ वाजता होती. जयश्रीने पदर खोचला, चपला घातल्या आणि जिना उतरू लागली. डबा तिने दोन्ही हातांत धरला होता, भरलेला असावा तसा, हिंदकळू नये म्हणून जपून.